सूर्याचा अभ्यासक आणि विद्येची मोजदाद

(मंडळाच्या मनमाड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाचा कार्यक्रम आटोपल्यावर एखादे व्याख्यान ठेवावे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. नुकतीच या व्यासपीठावरून नावे वाचली गेली, नावांपुढे टक्के वाचले गेले, आणि टक्के जसजसे चढत गेले तसतशा टाळ्याही चढत्या भाजणीने वाढत गेल्या. त्यात वावगे काहीच नाही. मुलांनी वर्षभर केलेल्या श्रमांची कोठेतरी मोजदाद व्हावयासच हवी. परंतु परीक्षा संपून पदवी हाती आल्यानंतर ज्याने जन्मभर विद्येचाच व्यवसाय पत्करला, त्याची मोजदाद कोणी व कोणत्या मापाने करावयाची? त्याला गुणपत्रिका नसते आणि त्याच्या कामाचा हिशेब दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाबरोबर मांडताही येत नाही. या प्रश्नाचा विचार एका थोर महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाच्या कार्याच्या आधाराने करावा असे आम्ही योजिले आहे. ते शास्त्रज्ञ म्हणजे सूर्याचे अभ्यासक डॉ. शशिकुमार मधुसूदन चित्रे.

ज्ञातीच्या व्यासपीठावर एखाद्या थोर पुरुषाचे नाव निघाले की तो कोणाचा कोण, हा प्रश्न लगेच पुढे येतो. तो प्रश्न आज आपण बाजूला ठेवू. सूर्य ज्याच्या त्याच्या अंगणात सारखाच उगवतो, आणि मनमाडच्या वैशाखात तर तो कोणाचीच गय करीत नाही. त्याच्या अभ्यासकाकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

डॉ. चित्रे यांचा जन्म ७ मे १९३६ रोजी मुंबईस झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९५६ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले व पुढील शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. तेथेच १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर इंग्लंडातील लीड्स विद्यापीठात सुमारे तीन वर्षे अध्यापन आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत एक वर्ष संशोधन करून १९६७ साली ते मायदेशी परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांनी २००१ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, काम केले. २०१२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ११ जानेवारी २०२१ रोजी ते निवर्तले. तिशी गाठलेल्या, पाश्चात्य विद्यापीठांत नाव झालेल्या तरुणाने १९६७ साली परत येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. परदेशी राहून त्यांना काय मिळाले असते याचा हिशेब करण्यापेक्षा येथे राहून त्यांनी काय केले हे पाहणे अधिक बोधप्रद होय.

त्यांच्या संशोधनाचा आरंभ सूर्यावरील डागांपासून झाला. तेजाच्या त्या गोळ्यावर काळे डाग दिसतात हे दुर्बिणीच्या पहिल्या काळापासून ठाऊक होते. १९०८ साली जॉर्ज हेल या अमेरिकन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की या डागांत अतिशय प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. डागाच्या गाभ्याचे तापमान त्याहून दीड-दोन हजार अंशांनी कमी असते, म्हणून तो भोवतालच्या झगमगाटात काळा भासतो. आता तेथे उष्णता कमी का? चुलीवरच्या भांड्यात तळचे तापलेले पाणी वर येते आणि वरचे निवलेले खाली जाते. सूर्याच्या बाहेरच्या थरांत उष्णता अशाच अभिसरणाने वर येत असते. डागातील चुंबकीय क्षेत्र हे अभिसरण रोखून धरते, आणि खालची उष्णता वर पोहोचू शकत नाही. हे तत्त्व सांगावयास सोपे आहे, परंतु डागाच्या आत खोलीनुसार दाब, तापमान व चुंबकीय बल कसकसे बदलते याचे गणित मांडणे फार बिकट. चित्रे यांनी १९६३ च्या आपल्या निबंधात हे गणित मांडले. १९६७ साली शाविव्ह या सहकाऱ्यासमवेत त्यांनी डागाच्या गडद गाभ्याचा नमुनाच गणिताने तयार केला. सूर्यडागांच्या रचनेवरील पुढच्या लिखाणात या आरंभीच्या निबंधांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आढळतो.

दुसरा विषय त्याहूनही मनोरंजक आहे. फलाटावर गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारीत जाणारा रेल्वेचा कामगार या गावातील जुन्या मंडळींनी पाहिला आहे. चाक फोडून आत डोकावण्याची त्याला गरज पडत नसे. नाद खणखणीत आला की चाक धड, बद्द आला की आत तडा. बाजारात मडके घेताना आपल्या घरच्या गृहिणीही हेच करतात. सूर्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांना अशीच एक युक्ति सापडली. १९६० नंतरच्या दोन वर्षांत लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की सूर्याच्या पृष्ठभागाचे तुकडे सुमारे पाच-पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होत असतात. पुढे १९७० च्या सुमारास उलगडा झाला की हा सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींचा परिणाम आहे. म्हणजे सूर्य हा एखाद्या प्रचंड घंटेसारखा अहोरात्र निनादत असतो. तो नाद मधल्या पोकळीतून आपल्या कानांपर्यंत येऊ शकत नाही, पण पृष्ठभागाच्या हालचालीवरून तो ओळखता येतो. नादावरून आतली घडण ओळखण्याच्या या शास्त्राला सूर्यकंपविज्ञान असे म्हणता येईल.

मुंबईत चित्रे आणि त्यांचे सहकारी एच. एम. अंतिया, डी. नरसिंह प्रभृतींनी या विषयात १९७० नंतरच्या दशकापासूनच लक्ष घातले. ही घंटा वाजवितो कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. सूर्याच्या बाह्य थरांतून वाहणारी उष्णताच या लहरींना आपोआप बळ पुरविते व त्यामुळे त्या वाढतात, असे प्रतिपादन १९८२ च्या त्यांच्या निबंधात आहे. या प्रश्नावर पुढे पुष्कळ वाद झाला. बाह्य थरांतील खळबळीचे असंख्य लहानमोठे आघात ही घंटा वाजवीत असतात, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. मग मुंबईकरांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. न्यायालयात दोन्ही पक्षांची बाजू पूर्णपणे मांडली गेल्याशिवाय निवाडा भक्कम होत नाही, तसेच शास्त्रातही आहे. कस लावून मांडलेला पक्ष पुढे मागे पडला, तरी निर्णयाला त्याचा उपयोग झालेला असतो. परीक्षेत चुकलेल्या उत्तराला शून्य मिळते. संशोधनात नीट मांडलेल्या पूर्वपक्षाला मान मिळतो. हा फरक आमच्या विद्यार्थिमित्रांनी अवश्य ध्यानात घ्यावा.

सूर्याचा नाद अखंड ऐकावयाचा तर रात्र आडवी येते. म्हणून १९९५ साली पृथ्वीभर सहा ठिकाणी एकसारखी यंत्रे बसविण्यात आली. एका ठिकाणी सूर्य मावळला तरी दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणी तो दिसावा ही त्यामागील योजना. कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, कॅनरी बेटे व चिली यांच्या जोडीला सहावे ठिकाण होते आपले उदयपूर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोहो नावाचे यान अवकाशात गेले व तेथून तर सूर्य अहोरात्र दिसू लागला. अभिसरणाचा थर सूर्याच्या पृष्ठापासून सुमारे २९ टक्के खोलीपर्यंत, म्हणजे अजमासे दोन लक्ष किलोमीटर पोहोचतो, ही गोष्ट या नादावरूनच निश्चित झाली. येथे बसून तेथली खोली मोजणे याहून मोठे नवल ते कोणते?

आता या विद्येचा कस कोठे लागला ते पाहा. सूर्याच्या केंद्रात सुमारे दीड कोटी अंश तापमानात हायड्रोजनचे हीलियम होते व त्यात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. ते इतके निःसंग असतात की आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास सहा हजार कोटींहून अधिक न्यूट्रिनो आरपार जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रेमंड डेव्हिस या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील होमस्टेक येथील सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटर खोल, पावणेचार लक्ष लिटरांहून मोठ्या टाकीत क्लोरीनयुक्त द्रव भरून १९६० नंतरच्या दशकात हे कण मोजावयास आरंभ केला. गणिताने जितके यावयास हवे होते त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच त्याला सापडले. येथे मोठे कोडे उभे राहिले. चूक सूर्याच्या गणितात की न्यूट्रिनोविषयीच्या आपल्या समजुतीत? सूर्याचे केंद्र आपण मानतो त्याहून थोडे थंड असेल तर हिशेब जमेल, असे काहींचे म्हणणे होते. अंतिया व चित्रे यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सूर्याच्या नादावरूनच त्याच्या अंतर्भागाचा नमुना बांधला आणि त्यातून किती न्यूट्रिनो यावेत याचे गणित केले. त्यांच्याप्रमाणे इतरत्रही जे असे प्रयत्न झाले त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की दोष सूर्याच्या माथी मारून सुटका नाही, न्यूट्रिनोच काही वेगळे वागत असले पाहिजेत. २००१ व २००२ साली कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने दाखवून दिले की सूर्याकडून येताना न्यूट्रिनो आपला प्रकार पालटतात, म्हणून जुन्या यंत्रांना ते ओळखता येत नव्हते. डेव्हिस यांना २००२ चे व प्रकार पालटण्याच्या शोधाबद्दल मॅकडोनाल्ड आणि काजिता यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल इतरांस मिळाले हे खरे, पण न्यूट्रिनोंवर बोट ठेवण्यासाठी आधी सूर्याला निर्दोष ठरविणे आवश्यक होते, आणि त्या साक्षीदारांत कुलाब्याच्या संस्थेत बसून गणित करणारे दोन मुंबईकर होते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

याखेरीज चित्रे यांनी नरसिंह व सुब्रमण्यन् यांच्यासह दूरच्या क्वासारांचा प्रकाश वाटेतील आकाशगंगांच्या गुरुत्वाकर्षणाने वाकून एकाच्या अनेक प्रतिमा कशा दिसतात, याही विषयावर महत्त्वाचे लेखन केले. विस्तारभयास्तव तो विषय आम्ही येथे सोडतो व मूळ प्रश्नाकडे वळतो.

शास्त्रज्ञाच्या कामाची मोजदाद करण्याची एक रीत आज सर्व जगभर रूढ आहे. नवा निबंध लिहिणारा शास्त्रज्ञ आपण ज्यांच्या ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची नावे शेवटी नोंदवितो. हा संदर्भनिर्देश. यालाच सायटेशन म्हणतात. एखाद्या निबंधाचा असा निर्देश किती ठिकाणी झाला याची मोजणी केली की त्याचा प्रभाव अजमावता येतो. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून अशा निर्देशांची सूची छापून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तीवरून एक सुटसुटीत अंक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा निर्देश झाला त्याचा अंक वीस, चाळीसांचा प्रत्येकी चाळीस वेळा झाला त्याचा चाळीस. नेमणुका, बढत्या, अनुदाने या गोष्टी आता पुष्कळ अंशी या अंकांकडे पाहून ठरतात. म्हणजे आपण समजतो तसे नाही. विद्वानांनाही टक्के असतात.

ही रीत समजावयास मनमाडकरांइतके योग्य श्रोते दुसरीकडे मिळणार नाहीत. आपले गाव मोठे म्हणून का प्रसिद्ध आहे? मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, दौंडचा फाटा येथून फुटतो आणि छत्रपती संभाजीनगरवरून सिकंदराबादकडे जाणारा मार्गही येथूनच निघतो. ज्याला कोठे ना कोठे जावयाचे आहे त्याला मनमाडवरून जावे लागते. चांगला निबंध असा जंक्शनासारखा असतो. पुढे जाणाऱ्याला त्याच्यावरून गेल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि निर्देशांची संख्या म्हणजे तेथे थांबणाऱ्या गाड्यांची संख्या. परंतु आपण मनमाडकर हेही जाणतो की स्टेशनात किती गाड्या थांबतात यावरून गावाचे रेल्वेतील महत्त्व कळले, तरी नळाला किती दिवसांनी पाणी येते हे त्यावरून कळत नाही. गाड्यांची संख्या खोटी नसते. मात्र गावाविषयीचे सगळे काही ती सांगत नाही.

निर्देशांच्या मापातही अशाच उणिवा आहेत. पहिली उणीव अशी की विषयाविषयांत फरक असतो. जीवशास्त्रात हजारो लोक काम करतात, तेथे निर्देशही भराभर होतात. शुद्ध गणितात थोडे लोक सावकाश लिहितात. सूर्याच्याच अभ्यासात पाहावयाचे तर २००९ साली आस्प्लुंड व सहकाऱ्यांनी सूर्यातील मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा जो तक्ता प्रसिद्ध केला, त्याचा निर्देश हजारोंनी झाला. कारण कोणत्याही ताऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला तो तक्ता, वाण्याला जशी वजनमापे, तसा लागतो. डागाच्या अंतर्भागाचे बिकट गणित इतक्यांना लागत नाही. म्हणून ते हलके ठरते काय? शिवाय त्या सर्वमान्य तक्त्यातील ऑक्सिजनादी मूलद्रव्यांची प्रमाणे सूर्याच्या नादावरून काढलेल्या निष्कर्षांशी नीट जुळत नाहीत आणि तो वाद अजून मिटलेला नाही. निर्देशांची संख्या मोठी असणे म्हणजे शेवटचा शब्द असणे नव्हे.

दुसरी उणीव काळाची. १९५८ साली यूजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने असे मांडले की सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा वारा सतत सर्व दिशांना वाहत असतो. ज्या नियतकालिकाकडे तो निबंध गेला त्याच्या दोन्ही परीक्षकांनी तो छापू नये असा अभिप्राय दिला. संपादक होते अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ती कल्पना पसंत नव्हती, पण गणितात चूक दाखविता येत नाही म्हणून त्यांनी तो निबंध छापला. चार वर्षांत अवकाशयानाने तो वारा मोजून दाखविला, आणि २०१८ साली सूर्याकडे झेपावलेल्या यानाला पार्कर यांचेच नाव देण्यात आले. १९५८ च्या अखेरीस कोणी केवळ निर्देश मोजले असते तर पार्कर नापास ठरले असते.

तिसरी उणीव माणसाच्या स्वभावाची. ज्या मापावर पोट अवलंबून राहते ते माप फार दिवस शुद्ध राहत नाही. आज एकमेकांचे नाव घेण्याचे साटेलोटे करणारे आहेत, पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके आहेत, एका निबंधाचे चार तुकडे करून संख्या फुगविणारेही आहेत. तराजूत दगड ठेवून वजन वाढविणे आणि हे, यांत फरक तो काय?

चौथी गोष्ट उणिवेहून मोठी आहे. काही कामे या मापात बसतच नाहीत. निवृत्तीनंतर डॉ. चित्रे यांनी स्वस्थ बसण्याऐवजी एक नवे काम हाती घेतले. मुंबई विद्यापीठ आणि केंद्राचा अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली विद्यापीठाच्या कालिना येथील आवारात मूलभूत विज्ञानांचे एक केंद्र स्थापन केले. त्याच्या उभारणीत चित्रे यांचा मोठा वाटा होता. बारावीनंतर पाच वर्षे सलग शिकवून थेट एम.एस्सी. करावयाची आणि नामांकित संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतः शिकवावयाचे, अशी ही योजना आहे. 'नेस्ट' नावाची अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा देऊन तेथे व भुवनेश्वर येथील तशाच संस्थेत प्रवेश मिळतो. आज येथे बसलेल्या किती पालकांना या परीक्षेचे नाव ठाऊक आहे? केंब्रिजमध्ये शिकलेल्या, जगभर नाव झालेल्या विद्वानाने साठी उलटल्यावर अठरा वर्षांच्या मुलांसाठी वर्ग उभे करावेत, याचा निर्देश कोणत्याही सूचीत होत नाही. परंतु त्या मुलांपैकी कोणी उद्या सूर्याविषयी नवी गोष्ट सांगेल तेव्हा तिच्या मुळाशी हा निनावी निर्देश असेलच.

संदर्भनिर्देश ही पाश्चात्यांची कल्पना आहे असे मात्र कोणी समजू नये. मनमाडहून भुसावळच्या गाडीत बसले की नांदगावानंतर चाळीसगाव लागते. तेथून सुमारे अठरा किलोमीटरांवर सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे तेथे दर्शनास जातात. त्या पाटण गावी इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख सापडला व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापन केल्याचे त्या लेखात नमूद आहे. या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या मठासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून काही हिस्सा द्यावा आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्यांनी प्रत्येकी पळीपळी तेल द्यावे, अशी व्यवस्था त्यात लावून दिली आहे. विचार करा. ग्रहगणित ज्याला कधी कळणार नाही अशा तेल्याने आठशे वर्षांपूर्वी त्या गणिताच्या अभ्यासासाठी पळीभर तेल घातले. कोणता विद्यार्थी किती टक्के मिळवील, हे त्याने विचारल्याची नोंद त्या शिळेवर नाही.

आता आमच्या व आपल्या मंडळाच्या घरगुती प्रश्नाकडे येतो. आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी साहाय्य दिले जाते. ते पदवीपर्यंतच मिळते, दरसाल गुणपत्रिका दाखवावी लागते आणि नोकरी लागताच परतफेड सुरू व्हावी अशी अपेक्षा असते. निधी लहान आहे, तो फिरता राहिला पाहिजे, म्हणून नियम असे केले गेले. ते करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता याविषयी शंका नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो तेही पाहिले पाहिजे. अलीकडे आलेल्या अर्जांत एका मुलीचा अर्ज होता. शाखेच्या रकान्यात तिने निळ्या शाईने 'भौतिकशास्त्र' असे लिहिले होते. त्यावर काळ्या शाईची रेघ मारून दुसऱ्या, पोक्त हस्ताक्षरात 'संगणक अभियांत्रिकी' असे लिहिलेले होते. ती रेघ कोणी मारली हे सांगण्याची आवश्यकता नाही, आणि ज्याने मारली त्याला दोष देण्याचाही आमचा हेतू नाही. घरात धाकटी भावंडे आहेत, कर्ज आहे, आणि 'त्यात पुढे काय?' या प्रश्नाला त्याला कोणी उत्तर दिलेले नाही. आमचे म्हणणे इतकेच की ती रेघ मारणाऱ्या हातात आपल्या नियमांचीही थोडी शाई आहे.

'त्यात पुढे काय?' याचे उत्तर सोज्वळ शब्दांनी झाकू नये. पाच वर्षांची एम.एस्सी., त्यानंतर पाच-सहा वर्षांची डॉक्टरेट, त्यानंतर काही वर्षे अस्थिर नेमणुका, असा हा रस्ता आहे. डॉक्टरेटच्या काळात शिष्यवृत्तीवर एकट्याचे भागते, घर चालत नाही. प्रत्येकाला अखेर हवी ती जागा मिळेलच असेही नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले व ६ जानेवारी २०२४ रोजी सुमारे पंधरा लक्ष किलोमीटर अंतरावरील आपल्या स्थानी पोहोचले. त्यावरील अतिनील किरणांची दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ही संस्था डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभी केली. म्हणजे चित्रे तरुण होते तेव्हा सूर्याच्या अभ्यासासाठी केंब्रिज गाठावे लागे, आणि आज मनमाडची मुलगी सकाळच्या गाडीने निघून मुंबईस किंवा पुण्यास त्या अभ्यासाच्या दाराशी पोहोचू शकते. दार उघडे आहे. उंबरठा ओलांडण्याइतके बळ तिला कोणी द्यावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून आम्ही मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की निधीतील एक लहान भाग, मग तो दरवर्षी एकाच विद्यार्थ्यापुरता का असेना, मूलभूत विज्ञान वा गणित घेणाऱ्यासाठी राखून ठेवावा आणि त्याचे साहाय्य पदवीपाशी न तोडता संशोधनाच्या पहिल्या वर्षांपर्यंत चालू ठेवावे. दुसरी सूचना अशी की त्या विद्यार्थ्याकडून दरसाल गुणपत्रिकेऐवजी एक पत्र मागावे. या वर्षी काय शिकलो, कोणत्या प्रश्नाशी अडलो, हे त्याने आपल्या मराठीत, आपल्या आईला समजेल असे लिहावे व ते पत्र या वार्षिकात छापावे. ज्याला आपला विषय आईला समजावून सांगता येतो त्याला तो कळला आहे असे समजण्यास हरकत नाही. हे माप हिर्श यांच्या अंकाइतके सुटसुटीत नाही हे खरे, पण त्यात दगड ठेवून वजन वाढविता येत नाही.

या योजनेत काही विद्यार्थी मधेच वाट बदलतील, काहींची परतफेड उशिरा होईल, काहींची होणारही नाही. कार्यकारी मंडळात यावर मतभेद होतील आणि ते व्हावेतही. जमाखर्च पाहणाऱ्यांनी शंका घेतलीच पाहिजे. त्यांना आमचे एवढेच सांगणे की पाटणच्या तेल्याला आपली पळी परत मिळाली नाही, आणि तरीही त्या गावाच्या हिशेबात आठशे वर्षांनंतर आज जी एकच जमा शिल्लक दिसते, ती तीच आहे.

सूर्याचे अंतरंग कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही. धीराने ऐकणाऱ्यालाच ते कळते. आपल्या घरातील मुलांच्या बाबतीतही अशा धीराची गरज आहे. टक्के वाचून दाखविण्यास आपल्याला अर्धा तास लागला. ज्या अर्जावरील रेघेचा उल्लेख आम्ही केला त्याचा निर्णय येत्या बैठकीत व्हावयाचा आहे. त्या रेघेखालचा निळ्या शाईचा शब्द अद्याप स्वच्छ वाचता येतो.